शांताक्काच्या चोवीस अळ्या

माझी आत्या शांताक्का मुरुम गावची. तुरीवर अळी दिसली की तिचा हात थांबत नाही. झाडाखाली पोतं अंथरायचं, खोड धरून झटका द्यायचा, की अळ्या टपाटप खाली. चाळीस वर्षं हेच करत आलेल्या बाईला मी तुळजापूरजवळच्या आमच्या संशोधन केंद्रात रोपांना पाणी घालायला लावलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

तुरीच्या एका वाणाला अळी फारशी तोंड लावत नाही. त्यातल्या एका जनुकामुळं, असा माझा अंदाज. तो ताडून बघायला बारा रोपांना सौम्य विषाणू टोचून ते जनुक गप्प केलं, उरलेल्या बारांतलं चालू ठेवलं. गप्प केलेल्या रोपांवर अळीनं ताव मारला, तर मी जिंकले. प्रत्येक रोपावर एक अळी सोडली.

तिसऱ्या सकाळी शांताक्का दारातच हसत उभी. "रंजे, समदी झाडं साफ केली बघ! एक न्हाय ठिवली."

अळ्या तिनं साळुंक्यांपुढं टाकल्या होत्या.

"अक्का, तुम्ही माझं वर्ष मातीत घातलंत!" मी किंचाळलेच. तशीच तयार केलेली राखीव रोपं होती, पण अळ्या संपल्या होत्या. नव्या वाढवायला महिना लागणार, आणि जनुक काही महिनाभर गप्प बसणार नव्हतं.

ती दुपारची एसटी धरून मुरुमला गेली. दुसऱ्या दिवशी परतली ती चोवीस काडेपेट्या घेऊन. प्रत्येकीत एकच अळी, सगळ्या एका मापाच्या!

"एकत्र ठिवल्या तर एकमेकीला खात्यात," ती म्हणाली. मी हे पुस्तकात वाचलं होतं.

अळ्या राखीव रोपांवर सोडल्या, आणि पुढचे तीन दिवस ती हात पदरात गुंडाळून बाहेर बसली. चौथ्या दिवशी मी जनुक गप्प केलेल्या रोपांची यादी लपवली आणि तिलाच आत नेलं. कुठली रोपं खाल्लीत, ते तिनं बोट दाखवून सांगायचं. ती भराभर दाखवत गेली, "ही चट्टामट्टा! हीबी! ही न्हाय..." मी यादी उघडली. बाराच्या बारा बरोबर! मी तिला मिठी मारून गरागरा फिरवलं.

"म्हंजी त्यो गुण खराच हाय?" तिचे डोळे भरून आले. "मग माझ्या तुरीत कवा येणार?"

खोटं बोलवेना. "दहा वर्षं तरी लागतील, अक्का."

"लागू दी की," ती म्हणाली. "तवर अळ्या म्या पुरवत्ये."