पाठीवरच्या टिकल्या

बायकोनं माझ्या पाठीवर टिकल्या चिकटवल्या, ते आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम.

काचीगुडा स्टेशनात पार्सलं उचलून माझी कंबर गेली. बरकतपुऱ्यातला डॉक्टर दुखण्यावर अंगभर बारीक सुया टोचतो असं कळलं, तर म्हटलं मरेन पण सुई नको. मग त्यानं लेझर काढलं. पेनाएवढी वस्तू. मी काळा चष्मा लावून पालथं पडायचं आणि तो ते पाठीकंबरेवर जागोजाग धरायचा. टोचत नाही, भाजत नाही, काहीच कळत नाही. मला फसवणूक वाटायची. हिला नाही वाटायची. दुखणं थोडं कमी झालं खरं, पण ते लेझरनं की हिच्या दाबण्यानं, मला सांगता येत नाही.

कारण डॉक्टरनं सांगितलं होतं, मधल्या दिवसांत याच जागा घरी अंगठ्यानं दाबा. हिच्या जागा चुकायच्या. म्हणून त्या दिवशी हिनं दवाखान्यातच पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि डॉक्टर बोट ठेवेल तिथं एकेक चिकटवली.

“आता नथ पण घाल,” मी म्हटलं.

“गप पडा. हललात तर चुकेल.”

“चाचा, हिलो नक्को,” डॉक्टरही तिच्याच बाजूचा.

घरी येऊन तिनं दाबलं, माझा डोळा लागला. उठलो तर ही खुर्चीत, मान कललेली. हार्ट बंद पडलं म्हणाले. संध्याकाळी सगळं उरकलं.

स्मशानातून आल्यावर मुलगा माझ्या अंगावर पाणी घालत होता. म्हणाला, बाबा, पाठीला काय चिकटलंय, काढू का?

“हात लावू नको. तुझ्या आईनं लावलंय.”

त्या निघाल्या की जागा गेल्या. मला माझी पाठ दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनियन काढला, तर एक टिकली आत चिकटून आलेली. हिच्या आरशावर हिची एक होती, आदल्या दिवशी आंघोळीआधी काढून लावलेली. तिच्या शेजारी ही लावली. मग पालथा पडलो आणि मुलाला हाक मारली.

“टिकल्या आहेत तिथं अंगठ्यानं दाब. एक पडलीय, ती जागा सोड. ती मलाही ठाऊक नाही.”