सुभानरावांच्या समाधीवरची पाटी

आत्या गेल्याचं मला घरच्या ग्रुपवर कळलं. मी इंदूरला, ती ग्वाल्हेरला. बातमीखाली कोणीतरी लगेच लिहिलं होतं, ‘शांत, सोशिक आणि कधीही कोणाला न दुखावणाऱ्या...’ वाचून रडू यायला हवं होतं. मला राग आला. आत्या शांत? हरिशंकरपुरममधल्या तिच्या घरासमोर कोणी कचरा टाकला, तर ती गच्चीवरून त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. ती भांडायची, आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. ती कोणाला दुखावून गेली नाही असं म्हणणं म्हणजे आपण तिचं कधी ऐकलंच नाही, असं कबूल करणं आहे.

तिचा मुलगा हेमंत स्कॉटलंडमधल्या एका लहानशा गावात राहतो. एका उन्हाळ्यात आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो होतो. गावात आणि आसपास जे काही जुनं होतं, ते सगळं त्याने हौसेने दाखवलं... छप्पर नसलेला किल्ला, कुठल्याशा संताची विहीर, शेतात उभे केलेले दगड. ग्वाल्हेरचा किल्ला रोज बघत मोठी झालेली आत्या म्हणाली, “बस, एवढाच? ह्याचं पण तिकीट?” आणि दमून भिंतीला टेकली. हेमंत घाईने म्हणाला, “आई, टेकू नकोस ना, जुनं बांधकाम आहे, खराब होतं.” ती मुकाट्याने बाजूला झाली.

चर्चच्या आवारात एक म्हातारी बाई खाली बसून थडग्याचा दगड मऊ ब्रशने धूत होती. आत्याने हेमंतला विचारायला लावलं, हे तुमचे कोण? बाई म्हणाली, कोणीच नाहीत. ह्यांचं आता कोणी उरलं नाही, म्हणून आम्ही गावकरी आळीपाळीने धुतो. झालं! गाडीत बसल्यावर आत्याचा पारा चढला. “हेमंत, त्यांचं कोणी नाही तरी ती बाई धुते. आपल्या सुभानरावांचं तर पूर्ण खानदान जिवंत आहे. मग काय मतलब आपला?”

सुभानराव आमचे मूळपुरुष. दक्षिणेतून मराठ्यांच्या फौजेबरोबर आले, ते इकडेच राहिले. ग्वाल्हेरातच, मुरारला बाजाराच्या मागे त्यांची दगडी समाधी आहे. घरात लग्न झालं की नव्या जोडप्याने तिथे नारळ फोडायचा, हा आमचा कुलाचार. म्हणजे काय, तर गाडीतून उतरायचं, नारळ फोडायचा, फोटो काढायचा आणि करवंट्या तिथेच टाकून जेवायला पळायचं. दगडावर पानाच्या पिचकाऱ्या, मागे उकिरडा. समाधी कोणाची, हे शेजारच्या दुकानदारालाही माहीत नाही. आणि त्याने का माहीत करून घ्यावं?

परत आल्यावर आत्या दर अमावास्येला बादली आणि ब्रश घेऊन मुरारला जाऊ लागली. काळ्या थराखालून हळूहळू सुभानरावांच्या नावाची झिजलेली अक्षरं दिसू लागली, पण अगदी जवळ गेल्याशिवाय ती वाचता यायची नाहीत. घरचे हसले, “आत्याला स्कॉटलंड चढलंय!” तिचं मागणं एकच होतं. तिथे एक पाटी लावा, ही समाधी कोणाची एवढं लिहा. सगळे म्हणाले, बघू. लग्नाचा हॉल आणि रोषणाई एका बैठकीत ठरवणारं आमचं घर ह्या एका पाटीसाठी वर्षानुवर्षं ‘बघत’ राहिलं. शेवटच्या आजारपणात ती फोनवर म्हणाली, “मंजू, माझ्यामागे माझं काही नका करू. पण त्यांचं नाव तर लिहा ना कोणी!”

तेराव्यानंतर मी मुरारला गेले. समाधीवर भलामोठा फ्लेक्स. आत्याचा फोटो, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि खाली घरातल्या सगळ्यांची नावं... जावयांची, अगदी नातवंडांची लाडाची नावंसुद्धा. सुभानरावांचं नाव कुठेच नाही. मी तिथूनच हेमंतला फोन लावला. तो म्हणाला, “अगं, आईला ती जागा किती प्रिय होती! म्हणून खास तिथेच लावून घेतला.” मी त्याला काय बोलले, ते इथे छापण्यासारखं नाही.

फ्लेक्स मी फाडून उतरवला. तो दगडातच खिळे ठोकून लावला होता. बाकीचे खिळे निघाले, एक निघत नाही. तो नेमका सुभानरावांच्या नावात गेला आहे. ओढला की दगडाचा टवका हलतो आणि त्याच्याबरोबर आत्याने धुऊन वर काढलेलं ‘सु’ही. मी तो तसाच ठेवला आहे.