घटाची माती

आमच्याकडं घट बसवायला शेतातली माती लागते. पत्रावळीवर मातीचा थर द्यायचा, त्यात गहू, ज्वारी, हरभरा पेरायचा आणि मधोमध पाण्यानं भरलेलं मातीचं मडकं ठेवायचं. मडकं पाझरत राहतं, त्या ओलीवर धान्य उगवतं. दसऱ्यापर्यंत तुरे वीतभर झाले की वर्ष चांगलं जाणार, असं आमची माणसं धरून चालतात. ते तुरे गड्यांनी टोपीत खोवायचे. नाही उगवले तर घरात कुणी त्यावर बोलत नाही. बायका मात्र मनात ठेवतात.

माझ्या बायकोनं ते मनात ठेवलं आणि जाताना त्याहून मोठं ओझं घेऊन गेली. म्हणून हे लिहितोय.

मी फौजेत ड्रायव्हर होतो. पेन्शन झाली तेव्हा आम्ही दिल्ली कँटोनमेंटात होतो. गावाकडं परतलो नाही, कारण गुडगावात कंपन्या यायला लागल्या होत्या आणि साहेब लोकांची ने-आण करायला माणसं पाहिजे होती. सातवी शिकलेल्याला तसा पगार गावात कोण देणार होतं? गुडगावच्या पलीकडं तेव्हा नुसती शेतं. तिथं प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. मागं मोकळी जागा होती, तिथं हिनं पालक, मेथी, मुळा लावला. माहेरी शेती होती हिच्या. हात मातीत गेले की हिचा चेहराच बदलायचा.

शेजारी एका म्हाताऱ्या जाटाचं शेत होतं. सगळे त्याला ताऊ म्हणायचे. पहिल्या नवरात्रात ही त्याच्याकडं माती मागायला गेली तर तो हसायलाच लागला.

"बहू, दूध माँग ले, घी माँग ले. माट्टी भी कोई माँगै सै?"

"पूजा के वास्ते पाहिजे, ताऊजी." हिचं हिंदी शेवटपर्यंत असंच राहिलं.

ताऊनं स्वतः फावडं उचललं आणि घमेलं भरून घरी आणून दिलं. त्या वर्षी तुरे असे तरारले की मी ते टोपीत खोवूनच ड्यूटीवर गेलो. साहेब म्हणाला, "ये क्या घास लगा के आए हो?" मी म्हटलं, "घास नहीं साहब, फसल है."

मग जमिनीला भाव आला. ताऊ गेला आणि त्याच्या पोरांनी आधी वरची माती वीटभट्टीला विकली. शेताचा कमरेएवढा खड्डा झाला. मग त्या खड्ड्यात ट्रक रिकामे व्हायला लागले. गुडगावात टॉवर उठत होते, त्यांचा मलबा सगळा. फरशीचे तुकडे, रंगाचे डबे, सिमेंटच्या फाटक्या गोण्या, थर्माकोल, प्लास्टिकच्या पन्न्या. ज्या टॉवरखाली मी गाडीत बसून साहेबाची वाट बघायचो, त्याचाच कचरा माझ्या घरामागं येऊन पडत होता. भांडायचं कुणाशी? चूल त्याच पगारावर पेटत होती.

नंतर खड्ड्याच्या कडेला एक शेड आली. तिथं जुन्या बॅटऱ्या फोडायचे आणि आतलं शिसं वितळवायचे. बॅटरीतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, नाल्यात सोडायचे, नाला आमच्या कुंपणाला लागून. धूर आला की जिभेवर नाणं ठेवल्यासारखी चव यायची. मी चौकीवर गेलो. तिथला शिपाई म्हणाला, "फौजी साहब, गरीबों का रोज़गार है. आप बड़े आदमी हो, माफ़ करो." मी बड़ा आदमी! चहा पाजला त्यानं आणि वाटेला लावलं.

एकदा ही वाफे खणता खणता म्हणाली, "अहो, गांडूळ दिसेना एक पण."

"गेली असतील नोकरीला. इथं सगळे नोकरीलाच जातात."

"तुम्हाला काय, सगळी चेष्टाच," म्हणाली, पण हसली.

मेथी सगळ्यांत आधी रुसली. मग कोथिंबीर पिवळी पडायला लागली. मातीवर मिठासारखी पांढरी साय धरायची. पालक तेवढा यायचा, तो कसाही येतो. पानं जाड, हिरवीगार. ही कौतुकानं मुलाकडं पाठवायची. मुलगा तोवर गुडगावच्या एका टॉवरमध्ये राहायला गेला होता. बाजारचा पालक गटाराच्या पाण्यावरचा, आपला घरचा, म्हणायची. नातू जेवायचं नाव घ्यायचा नाही, त्याला वरणात पालक कालवून ही स्वतः भरवायची.

ताऊचं शेत संपल्यावर घटाला माती ही आमच्याच वाफ्यातली घ्यायला लागली. घरची माती, आणखी काय पाहिजे? तुरे वर्षागणिक आखूड होत गेले. आणि एका वर्षी आलेच नाहीत. धान्य फुगलं, काळं पडलं, त्यावर बुरशी धरली. दसऱ्याला मी टोपी घातलीच नाही.

"माझंच काहीतरी चुकलं," ही म्हणाली.

"तुझं काय चुकणार? माती खराब झाली."

"मातीला काय झालंय? पालक येतोय की."

पुढच्या नवरात्रात अनवाणी राहिली. गावच्या देवीची ओटी भरायला जावेला सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी फक्त पाण्यावर उपास केले. घट काही उगवला नाही. जितका उगवत नव्हता तितकी ही स्वतःला पिळत होती. मी ओरडायचो. ओरडून कुणाचा देव बदलतो?

मग हिनं अंथरूण धरलं. हात थरथरायचे, रक्त कमी, जेवण जाईना. मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरला मी नाल्याचं सांगितलं, बॅटरीचं सांगितलं. तो म्हणाला, "अंकल, कशामुळं ते आता सांगता येणार नाही. वय पण आहे." घरी आणली तर भिंतीकडं तोंड करून म्हणते, "देवीनं पाठ फिरवली, दुसरं काय."

ते मला सहन होईना. आजार माझ्या हातात नव्हता, पण हे एवढं खोटं तरी काढून टाकू म्हटलं. नवरात्राला अवकाश होता. रस्त्याकडच्या नर्सरीतून मातीची पिशवी आणली. हिच्या खाटेजवळ दोन पत्रावळी मांडल्या. एकीत नर्सरीची माती, एकीत आमच्या वाफ्यातली. धान्य एकाच डब्यातलं, पाणी एकाच तांब्यातलं.

"देवीची परीक्षा घेता होय?" ही म्हणाली.

"देवीची नाही, मातीची. तू नुसती बघ."

नर्सरीची पत्रावळ हिरवी झाली. तुरे सरळ उभे. आमची तशीच काळी. मी दोन्ही उचलून हिच्या मांडीवर ठेवल्या. मनात म्हटलं, आता रडेल आणि मोकळी होईल.

ही बराच वेळ बघत राहिली. हिरव्यावरून हात फिरवला. मग आमच्या मातीत बोट घातलं, नाकाशी नेलं.

"म्हणजे देवी रागावली नव्हती."

"तेच सांगतोय ना किती वर्षं!"

"अहो, मग आपण काय खाल्लं?"

मी पत्रावळी उचलायला वाकलो. हिनं सोडल्या नाहीत.

"बाळाला मी याच मातीतला पालक भरवला. तो थुंकायचा, मी परत घालायची. तोंड दाबून घालायची हो मी."

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून देवीचं नाव बंद झालं. दर फोनला एकच, बाळाचं पोट दुखतं का, शाळेत लक्ष लागतं का, हात थरथरत नाहीत ना? सून वैतागायची. "आई, तो ठीक आहे, यार." हिला पटायचं नाही. मला म्हणाली, ती माती तपासून आणा. एकदा कळू दे.

माती डब्यात भरून सरकारी तपासणीला घेऊन गेलो. तिथं शेताचा नंबर विचारला. मी म्हटलं, घर आहे, प्लॉट आहे. तर म्हणे आम्ही शेतकऱ्यांची माती तपासतो, कोणतं खत घालायचं ते सांगतो. जहर-बिहर आमच्याकडं नाही. प्रदूषणाच्या ऑफिसात पाठवलं. तिथं म्हणाले, तक्रार शेडच्या मालकाविरुद्ध करा. शेड तर कधीच उठून गेली होती. तिथं आता गेटबंद सोसायटीचं बांधकाम चाललं होतं. बिल्डरचा माणूस म्हणाला, वर हातभर चांगली माती टाकून लॉन लावणार, बच्चे खेलेंगे. मी त्याला खाली काय आहे ते सांगितलं. तो म्हणाला, "नीचे कौन देखता है, अंकल?"

घरी आलो. ही वाटच बघत होती. "काय म्हणाले?"

"तपासत नाहीत."

तिनं डोळे मिटले. म्हणाली, "सगळा पालक उपटा. आजच. गाईला घालू नका, त्या मुक्या जनावराला काय कळतंय?"

मी सगळे वाफे उपटले, पोतं भरलं आणि वळणावरच्या उकिरड्यावर नेलं. तिथं गाई पन्न्या चघळत उभ्या होत्या. हिरवं बघून त्या माझ्याच अंगावर आल्या. काठीनं हाकलल्या आणि पोतं परत खांद्यावर घेतलं. कचऱ्याच्या गाडीवाल्याला विचारलं, तू कुठं टाकतोस? म्हणाला, "वहीं, कूड़े के ढेर पे. और कहाँ?" जाळावं तर धूर हिच्याच खिडकीत येणार. पुरावं तर त्याच मातीत.

"टाकलं?" हिनं विचारलं.

"ठेवलंय," मी म्हटलं.

थंडी सुरू व्हायच्या आत ही गेली. पोतं अजून मोरीच्या भिंतीला टेकून आहे. पाल्याचा चुरा झाला असेल. मुलगा आला की म्हणतो, "बाबा, फेको ना यार ते." मी म्हणतो, कुठं ते सांग, आत्ता उचलतो.

तो पोतं पायानं भिंतीकडं सारतो. मग म्हणतो, "चला, जेवून घ्या."