चाचीच्या डब्यांवरचं नाव

चाची प्रत्येक डब्यात एक भाकरी जास्त घालायची आणि गिऱ्हाइकाने ती स्वतः खायची नाही, अशी सक्त ताकीद द्यायची. "ही तुजी नाय. बाजूच्या टेबलावर बसतो त्याची. सालनात बुडवून दे आणि गप बगत ऱ्हा." डबे जायचे कचेऱ्यांत, बँकांत. आठवड्याभरात बाजूच्या टेबलावरच्याचाही डबा सुरू व्हायचा. एका कारकुनाने ती भाकरी स्वतःच हादडली. चाचीला ते कसं कळलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात दोन भाकऱ्या कमी होत्या.

मिरकरवाड्यात, मच्छीमार बंदरालगत, आमच्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच तिची भाड्याची खोली. आम्ही बौद्धवाडीतले. दुकान बाबांचं, पण बसायचे मीच, आणि गिऱ्हाईक जवळजवळ सगळं मोहल्ल्यातलं. तिचा नवरा, चाचा, मासेमारीच्या ट्रॉलरवर पडला तेव्हापासून त्याची पाठ गेलेली, तो खाटेवर. मूलबाळ नाही. औषधं, भाडं, खाणंपिणं सगळं त्या एका शेगडीवर. डबे थांबले की दोघं उघड्यावर, हे चाची हसत हसत सांगायची.

बोर्ड लावायची ऐपत नव्हती. मग बारा वाजता ती दोन्ही खिडक्या सताड उघडायची आणि कोळंबीच्या सालनाला, म्हणजे तिच्या रश्शाला, लसणीची फोडणी द्यायची. "वासाला कोण भाडं मागतो गो?" आमच्याकडे आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आलेला माणूस नाक वर करून इकडेतिकडे बघायला लागला, की मी शेजारच्या दाराकडे बोट दाखवायचे. मी तिच्या सालनाचे फोटो काढून मोबाइलवर टाकायचे, त्याचा मात्र तिला राग. "डोळ्यांनी जेवतात काय ही माणसं?"

मोहल्ल्यात मयत झालं की तीन दिवस त्या घरात चूल पेटत नाही, शेजारी जेवण पाठवतात. अशा वेळी चाची मोठं टोप भरून न्यायची आणि मागल्या दाराने ठेवून परत यायची. पैशाचा प्रश्नच नव्हता. कुणी आणलं हेसुद्धा त्या घराला कळू द्यायची नाही. मी एकदा कारण विचारलं. म्हणाली, "रडत्या माणसाला शुक्रिया बोलायला लावायचा नाय." म्हणजे मला हे ठाऊक होतं. तेच आज सगळ्यात जास्त टोचतं.

त्या वर्षी स्टँडजवळ स्वस्तातली खाणावळ निघाली आणि चाचीचे डबे निम्म्यावर आले. मी दुकानातल्या उरलेल्या चिकटकागदावर तिच्यासाठी स्टिकर छापले. 'चाचीचं घरगुती जेवण. लग्न, वाढदिवस, पार्टीच्या ऑर्डर घेतल्या जातील.' खाली तिचा नंबर. ती म्हणाली, बगूया. तेवढ्यात मोहल्ल्यातला एक म्हातारा तांडेल, मासेमारी बोटीचा कप्तान, वारला. राजापूरहून, मुंबईहून पाहुणे लोटले. टोप पुरेना म्हणून चाचीने प्लॅस्टिकचे शंभर डबे भरले आणि ती दुपारच्या नमाजाला बसली. डबे रवाना करायचं काम मी अंगावर घेतलं. इतकी माणसं एका जागी पुन्हा कधी मिळणार, एवढंच माझ्या डोक्यात. प्रत्येक झाकणावर स्टिकर चिकटवून मी डबे रिक्षाने पाठवून दिले. खरं सांगते, मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं.

संध्याकाळी तांडेलाचा मुलगा तिच्या दारात आला. हातात एक झाकण. आवाज चढवला नाही. "चाची, माझ्या बापाच्या मयतावर धंदा केलास?"

चाचीने झाकण घेतलं, एकेक अक्षर लावत वाचलं. मी आमच्या पायरीवर, चार हातांवर उभी. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "चुकला माजा," ती म्हणाली. "अल्लाच्या वास्ते माफ कर." मी तोंड उघडलं नाही. काही सुचलं नाही असं म्हणायची सोय आहे, पण मी भ्याले, हे खरं.

कुणी भांडायला आलं नाही. भाकऱ्या थापायला येणाऱ्या दोघी यायच्या बंद झाल्या. मासळीवाली तिच्यासाठी कोळंबी राखून ठेवीनाशी झाली. आधी लग्नाच्या ऑर्डरी गेल्या, मग उरलेसुरले डबे. चार महिन्यांत तिने खोली सोडली. केळशीला तिच्या भावाच्या पडवीत दोघांची सोय झाली होती.

स्टँडवर मी तिच्या पिशव्या धरून उभी होते. चाचाला दोघांनी उचलून आधीच गाडीत बसवलं होतं. मला रडू आवरेना. "चाची, मी सांगते सगळ्यांना. अजून सांगते."

"येडी काय गो?" तिने माझ्या हातातल्या पिशव्या घेतल्या. "त्या दिवशी तुजा नाव घेतला असता तर तुज्या बापाच्या दुकानात मोहल्ल्याचा एक माणूस चढला असता काय? एकीचा धंदा बुडाला, पुरे झाला. आता गप ऱ्हा."

मग ती गाडीत चढली आणि चाचाच्या मानेखाली उशी सारखी करू लागली.

गेल्या वर्षी ती केळशीला वारली. खबर मला आठ दिवसांनी कळली, तीही दुकानात. दोन बायका कागद घेऊन उभ्या होत्या. एक दुसरीला सांगत होती, "तीच गो ती, मयताच्या घरी पार्टीची जाहिरात करणारी." दुसरीने तोंडावर हात ठेवला. मी दोघींच्या झेरॉक्स काढल्या, सुटे पैसे परत दिले, आणि गप राहिले.