आधी ह्यांचं बघा

समूहातील सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझ्या पत्नीस अर्धांगवायू झाल्यापासून तिला उचलणे, अंघोळ घालणे, भरवणे ही सर्व कामे मी एकटा करतो. शेजारचे रफिकभाई मदतीसाठी वारंवार येत. मी त्यांना चहा पाजून परत पाठवीत असे.

आज सकाळी सिस्टर पत्नीचा रक्तदाब तपासण्यास आल्या. पत्नी म्हणाली, "ताई, आदी ह्यांचं बगा. उठताना भिंत धरत्यात."

"मला काहीही झालेले नाही," मी म्हणालो.

"व्हय, पन तुमी पडल्यावर मला उचलनार कोन?"

माझा रक्तदाब तिच्यापेक्षा जास्त निघाला. तिला भरवताना माझे जेवण राहते आणि जेवणानंतरची माझी रक्तदाबाची गोळीही राहते, हे मला कबूल करावे लागले.

दुपारी मी स्वतः रफिकभाईंकडे गेलो आणि रोज तासभर कोणी पत्नीजवळ बसावे, अशी विनंती केली.

ते हसले. "काका, सहा महिने नुसता चहा पाजला. आज कुठं कामाचं बोललात."

विनंती करताना मला संकोच वाटला, हे खरे आहे. परंतु आज मी वेळेवर जेवलो.

घरी रुग्णाची सेवा करणाऱ्या सभासदांनो, आज आपण स्वतःची गोळी घेतली का?