‘वायच उशिरान येतंय’

प्रभाताई गेल्याचा फोन सकाळी आला. परळच्या हॉस्पिटलातून त्यांची भाची बोलत होती. “नीलाताई, मावशी गेली,” एवढंच ती म्हणाली. त्याच दुपारी आमच्या संशोधन संस्थेच्या नियामक मंडळाची बैठक होती. तिथल्या एका ठरावाला विरोध करायचा म्हणून प्रभाताई, म्हणजे आमच्या संचालक, डॉक्टरांशी भांडून तासाभराची सुटी मागत होत्या. मी संस्थेची निबंधक, त्यामुळे बैठक रद्द झाल्याचे निरोप देणं माझ्याकडे आलं. सगळ्यांना फोन केले. फक्त भाऊसाहेबांना फोनवर सांगायचं धाडस होईना. भाऊसाहेब आमचे अध्यक्ष, निवृत्त सॉलिसिटर, पंच्याऐंशी ओलांडलेले. पंचविशीतल्या प्रभाताईंना संस्थेत आणलं ते त्यांनी. हॉस्पिटलचे सोपस्कार उरकेपर्यंत दुपार होणार होती, म्हणून मी टॅक्सी केली आणि गिरगावात फणसवाडीला त्यांच्या घरी गेले.

दार त्यांनीच उघडलं. मुलगा-सून कामावर, घरात ते एकटेच. मला पाहून म्हणाले, “ये, नीला. प्रभा आत्ताच गेली.”

मला हायसं वाटलं. कुणीतरी आधीच कळवलेलं दिसत होतं. मी चप्पल काढत म्हटलं, “हो ना... सकाळीच.”

“सकाळी कुठे? आत्ता, आत्ता. जिन्यात भेटली असेल तुला.”

मी उंबऱ्यातच थांबले. भाऊसाहेब हळूहळू आत जाऊन त्यांच्या आरामखुर्चीत बसले आणि समोरच्या वेताच्या खुर्चीकडे हात करून सांगू लागले. इथे बसली होती. चहा नको म्हणाली, घाईत होती. तब्येत मात्र बरी दिसली, चेहऱ्यावरची सूज उतरलेली. “आणि जाता जाता मला म्हणाली...” इथे ते परक्या भाषेतलं वाक्य आठवावं तसे अडखळले. “‘मिटिंग सुरू करा, माजी वाट बघू नकात, मी वायच उशिरान येतंय.’ हे ‘वायच’ म्हणजे काय गं?”

“थोडं,” मी म्हटलं. “मालवणी आहे. थोड्या उशिरानं येते, असं...”

प्रभाताई त्यांच्याशी मालवणीत कधी बोलल्या नव्हत्या. आमच्यापैकी कुणाशीच नाही. घरून फोन आला की खिडकीपाशी जाऊन, पाठ करून त्या बोलायच्या, तेव्हा त्यांचा आवाजच बदलायचा. फोन ठेवला की पुन्हा ते स्वच्छ, कडक, पुस्तकी मराठी.

मग मी भाऊसाहेबांना खरं ते सांगितलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा ऐकू आलं नाही. ते रडले नाहीत. त्या वेताच्या खुर्चीकडे बघत म्हणाले, “म्हणजे बैठक पुढे ढकलावी लागेल.”

मी संख्याशास्त्र शिकलेली बाई. योगायोगाला योगायोग म्हणण्यात माझं आयुष्य गेलं. म्हाताऱ्या माणसाला बसल्या बसल्या डुलकी लागते, स्वप्न पडतं. गिरगावात जन्म काढलेल्याच्या कानावर मालवणी कधीतरी पडलेली असतेच. हे सगळं मी परतीच्या टॅक्सीत स्वतःला नीट समजावलं. तरी त्या घराचा जिना उतरताना मी भिंतीच्या कडेनं उतरले होते, समोरून येणाऱ्याला वाट ठेवावी तशी.

प्रभाताई लालबागच्या. वडील गिरणीत, घरात सात माणसं आणि एक खोली. शिष्यवृत्तीवर माटुंग्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकल्या आणि आमच्याकडे आल्या त्या सर्वेक्षणाचे अर्ज भरून घेणारी मुलगी म्हणून. गिरण्या बंद पडल्यावर घरं कशी चालतात हा तेव्हाचा विषय. बाकीच्या मुली दारात उभ्या राहून प्रश्न विचारायच्या. ही आत जाऊन बसायची, तांदूळ निवडायला घ्यायची आणि निवडता निवडता विचारायची. पुढे त्या संचालक झाल्या तरी ही सवय गेली नाही. लग्न केलं नाही. चिंचपोकळीला दोन खोल्यांत राहिल्या आणि संस्थेत चालत यायच्या.

संस्था म्हणजे परळला एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. समोरच्या गिरणीच्या जागी काचेचा टॉवर उभा राहिला आणि आमचा उजेड गेला. सकाळपासून दिवे लावावे लागत. पण दुपारी तीनच्या सुमारास मावळतीकडे कललेलं ऊन त्या काचांवर आपटायचं आणि उलटं फिरून आमच्या पूर्वेच्या खिडक्यांतून आत यायचं. दुपार असून सकाळसारखा उजेड, सावल्या भलत्या बाजूला. नवीन आलेली मुलं बिचकायची. प्रभाताई म्हणायच्या, “उधारीचं ऊन आहे. वापरून घ्या.”

पैशाच्या बाबतीत मात्र त्यांना उधारी चालत नसे. संस्थेच्या घटनेत एक जुनं कलम होतं. देणगीदाराला नियामक मंडळात जागा नाही, आणि अहवाल छापून येण्याआधी तो त्याच्या नजरेखालून जाणार नाही. “पैसा कुणाचाही चालेल, खुर्ची कुणालाही नाही,” असं त्या सरळ तोंडावर सांगत. एकदा एका मोठ्या देणगीदारानं ‘नुसतं ऐकायला’ बैठकीत बसू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “अवश्य या. बाहेर बाक आहे, दार उघडं ठेवू.” ते गृहस्थ हसले आणि पुढच्या वर्षी देणगी आली नाही.

अलीकडे तर कुणाचंच काही येत नव्हतं. सरकारी अनुदान आधी रखडलं, मग आटलं. पगार लांबू लागले. अशा वेळी एका बांधकाम समूहाच्या धर्मादाय न्यासानं कायमनिधी देऊ केला. संस्थेला पुन्हा कुणापुढे हात पसरावा लागला नसता. अटी दोनच होत्या. मंडळावर त्यांची दोन माणसं, आणि अहवाल आधी एका सल्लागार समितीपुढे. आम्ही तेव्हा चाळी पाडून पुनर्वसनाच्या उंच इमारतींत गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास करत होतो, आणि त्यांतल्या काही इमारती याच समूहानं बांधलेल्या होत्या. न्यासाचे प्रतिनिधी मऊ बोलणारे, वाचन असलेले गृहस्थ. प्रभाताईंचे जुने लेखही त्यांनी वाचले होते. ते खोटं बोलत होते असं मला कधीच वाटलं नाही.

मी प्रभाताईंशी यावरून वाद घातला. “ताई, मुलांचे पगार कुठून द्यायचे? कलम जपायचं आणि संस्था बंद पाडायची?” त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “तुझं बरोबर आहे, नीला.” मग थोड्या वेळानं, “तरीपण नाही.” तेव्हा त्यांचा आजार वाढलेला होता. हॉस्पिटलात दाखल झाल्यावर कलम बदलण्याच्या ठरावाबद्दल त्या कमी आणि सर्वेक्षणातल्या बायकांबद्दल जास्त बोलायच्या. कोणाची लिफ्ट बंद आहे, कोणी घराबाहेर पडायचं सोडलंय... शेवटी शेवटी त्या चाळींची नावं घेत, पाडून झालेल्या चाळींची, आणि तिथे आज कुणाकडे जायचं आहे ते मला सांगत. मी त्यांची चूक सुधारायचं सोडून दिलं होतं.

तेरावं झाल्यावर भाऊसाहेबांनी नवी तारीख ठरवली, महिन्यातला शेवटचा शुक्रवार, दुपारी. कलम बदलायला दोन तृतीयांश मतं लागत होती. मला मत नव्हतं, पण मोजदाद सगळ्यांनाच ठाऊक होती. प्रभाताई नसल्यामुळे ठराव पास होणार होता. न्यासाचे प्रतिनिधी खास निमंत्रित म्हणून आले. प्रभाताईंबद्दल ते मनापासून चार शब्द बोलले, मग त्यांनी प्रस्ताव मांडला. भाऊसाहेबांच्या उजव्या हाताची प्रभाताईंची खुर्ची रिकामीच होती, तिथे कुणी बसलं नव्हतं. चर्चा संपली. आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, “अध्यक्षमहाराज, मतदान घेऊ या.”

“थांबू या जरा,” भाऊसाहेब म्हणाले.

“कुणासाठी?”

“प्रभा येते म्हणाली आहे.”

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, मी कागदांकडे. वय झालं की असं होतं, असा भाव टेबलाभोवती फिरून गेला आणि सगळे अदबीनं थांबले. त्याच वेळी समोरच्या काचांवर ऊन आलं आणि खोली भलत्या बाजूनं उजळली. माणसांच्या सावल्या टेबलावरून भिंतीकडे गेल्या. पंखा चालू होता आणि तरी त्याचा आवाज मला येईना. प्रत्येकाची सावली मला दिसत होती. त्या रिकाम्या खुर्चीमागच्या भिंतीकडे मात्र मी मुद्दाम पाहिलं नाही.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

मी उठले. मलाच उठावं लागणार होतं. दार उघडलं, तर बाहेर साठीची एक बाई, धापा टाकत, हातात कापडी पिशवी. “हीच ना ती संस्था? उशीर झालो गो. आमच्या टॉवरची लिफ्ट बंद, वरपासून खालपर्यंत पायीच उतरले. प्रभाताईनं बोलावलंय.”

मी त्यांना ओळखलं. लालबागच्या सुनंदाबाई. चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या, आमच्या अभ्यासात मुलाखत दिलेल्या. “सुनंदाबाई, प्रभाताई तर...” मी सुरुवात केली.

“माहितीये मला. स्मशानात आले होते ना मी,” त्या म्हणाल्या. “पण हॉस्पिटलात भेटायला गेले, तेव्हा बोलली होती. शेवटच्या शुक्रवारी दुपारी ये, मिटिंग आहे, मी नसले तरी ये. मी सुनेकडून कॅलेंडरवर खूण करून घेतली.”

प्रभाताई जिवंत असताना बैठक त्या महिन्याच्या सुरुवातीला ठरलेली होती. शेवटचा शुक्रवार भाऊसाहेबांनी ठरवला तो त्या गेल्यानंतर. मी सुनंदाबाईंना तिथेच दारात पुन्हा विचारलं, पुढे एकदा घरी जाऊनही विचारलं. त्यांचं उत्तर बदललं नाही. मला वाटतं, माझ्या विचारण्याचा त्यांना थोडा रागच आला.

त्या आत आल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि कुणी काही सुचवायच्या आत त्या एकमेव रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसल्या. भाऊसाहेब म्हणाले, “हं. आता घेऊ या.”

“कसलं मतदान?” सुनंदाबाईंनी विचारलं. न्यासाच्या गृहस्थांनीच त्यांना समजावून सांगितलं, सोप्या शब्दांत, काही न लपवता. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी ताईशी बोलले ते आधी तुमच्याकडे येणार?”

“फक्त बघण्यापुरतं.”

“ताई मला म्हणाली होती, तू बोल, मध्ये कोणी बसणार नाही. म्हणून मी बोलले. नवऱ्याचं बोलले, सुनेचं बोलले...” त्यांनी पिशवीचे बंद घट्ट धरले. “मग माझं बोलणं काढा त्यातनं. मला परत द्या.”

बोलणं परत कसं देतात ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मतदान झालं. ज्या प्राध्यापकांनी घाई केली होती त्यांचाच हात वर गेला नाही, आणि तेवढ्यानं ठराव पडला. भाऊसाहेब माझ्याकडे वळले. “इतिवृत्तात लिही. निमंत्रित, सुनंदाबाई. निमंत्रण, संचालकांचं.” मी तसंच लिहिलं. सही त्यांची आहे.

यात कुणी जिंकलं असं मला म्हणता येत नाही. संस्थेनं अर्धा मजला सोडला. दोन हुशार मुलं दुसरीकडे नोकरीला गेली, आणि त्यांचं चुकलं नाही. बाकीचे आम्ही कमी पगारावर राहिलो. अहवाल मात्र बाहेर आला, जसा लिहिला तसा. सुनंदाबाईंचं बोलणं त्यात आहे. ठरावानंतर त्यांनीच राहू दे म्हणून सांगितलं. भाऊसाहेब आता फारसे उठत नाहीत. भेटायला गेलं की संस्थेची चौकशी करतात. त्या दुपारबद्दल मात्र तेही बोलत नाहीत आणि मीही काढत नाही.

सोडलेल्या भागात हिशेब तपासनिसांचं एक ऑफिस आलंय. मध्ये लाकडी पार्टिशन घातलं ते नेमकं प्रभाताईंच्या खोलीतून गेलं. अर्धी खोली त्यांच्याकडे, अर्धी आमच्याकडे. आमच्या बाजूला कपाटं आहेत आणि जुने अहवाल. दुपारचं तिथे कुणी जात नाही. परवा पाणी भरताना तिकडची एक मुलगी मला भेटली, लाजत म्हणाली, “मॅडम, राग मानू नका, पण जेवणानंतर तुमच्याकडे कोण मोठ्यानं वाचत असतं? रोज. बाईंचा आवाज आहे. एकेक वाक्य दोन-दोनदा वाचतात, माझे आकडे चुकतात.”

प्रभाताई मुद्रितं मोठ्यानं वाचायच्या. जेवण झालं की दार लोटून घ्यायच्या आणि छापायला जाणारं प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायच्या. एकदा स्वतःला पटतंय का बघायला, आणि एकदा ज्यांचं आहे त्यांना पटेल का बघायला. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय होती की तो थांबल्याचंही मला लगेच जाणवलं नव्हतं.

“आमच्या संचालक आहेत त्या,” मी म्हटलं.

“जरा हळू वाचायला सांगाल का, प्लीज?”

“सांगते,” मी म्हणाले, आणि बाटली घेऊन आत आले. अजून सांगितलेलं नाही.