गेरू-चुन्यातले दवबिंदू

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती आणि मी नांदुऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. आठवीनंतर मुलांना विज्ञान, मुलींना गृहशास्त्र, अशी तिथली वाटणी होती. त्या वर्षी सात मुलींना विज्ञान हवं होतं. हेडमास्तरांनी एवढंच कबूल केलं, "तपासणीले साहेब येऊन राह्यले. त्यायले दाखवा पोरी काय करतात ते. ते हो म्हणले त मी वर्ग काढतो."

दाखवायला माझ्याकडे दवबिंदू होते. राजूर घाटात खडकातून पाणी झिरपतं, तिथे रुपयाएवढी ही तांबडी झाडं जमिनीला चिकटून वाढतात. पानावरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. माशी बसली की अडकते, केस तिच्यावर वाकतात आणि झाड तिला पचवतं. मुलींना घेऊन मी ती मातीसकट आणली आणि सहा परळांत, म्हणजे मातीच्या पसरट थाळ्यांत, लावली.

नियम मी भिंतीवर लिहून लावले होते. धुतलेली रेती, खत अजिबात नाही, विहिरीचं पाणी अजिबात नाही. आमचा भाग खारपाणाचा. चहाच्या भांड्यावरसुद्धा पांढरा थर धरायचा. ते पाणी चुकून घातलं म्हणून दोन परळ पहिल्याच आठवड्यात गेले. मग रांजणात साठवलेलं पावसाचं पाणीच वापरलं. मुली वहीत लिहायच्या: माशी किती वाजता बसली, पान किती वेळात वळलं.

"पोरीयले माशा मारायले शिकवता का, बाई?" हेडमास्तर जाता जाता म्हणाले.

"आम्ही नाही मारत सर, झाड मारते," एकीने मान वर न करता सांगितलं.

तपासणीची तयारी माझ्याकडे आली, कारण माझ्या याद्या चोख असतात. झाडलोट, नकाशे, हजेरीपट आणि त्यात एक ओळ: 'सर्व कुंड्या – गेरू, वर चुन्याचा पट्टा.' साहेब यायचे म्हणजे प्रत्येक शाळेत हे होतंच. यादी शिपायाच्या हातात दिली आणि दोन दिवस खामगावला लग्नाला गेले.

परत आले तर चारही परळ लालभडक, काठ पांढरे. चुना आतल्या बाजूनेही फिरवलेला, ओघळ रेतीत उतरलेले. या झाडांना चुना म्हणजे विषच. मी काठ खरवडले, पावसाच्या पाण्याने तीनदा रेती धुतली. दुसऱ्या दिवशी पानांवरचे थेंब गेले. चौथ्या दिवशी पानं काळी पडली. पाचव्या दिवशी तपासणी होती.

शिपाई वयाने माझ्या वडिलांएवढा. म्हणाला, "बाई, तुमीच त लिहून देलं, सारे गमले. मुंग्या लागू नये म्हणून आतूनबी मारला."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. 'दवबिंदू सोडून' हे दोन शब्द मी लिहिले नव्हते.

साहेबांसमोर एका मुलीने वही उघडून वाचायला सुरुवात केली. त्यांनी परळात डोकावून पाहिलं. "जिवंत असतं तेव्हा दाखवायचं होतं," म्हणाले आणि पुढे गेले. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, आवार स्वच्छ, कुंड्यांची रंगरंगोटी नमुनेदार. हेडमास्तरांनी सगळ्या शिक्षकांसमोर माझं अभिनंदन केलं. जूनमध्ये सातही जणी गृहशास्त्राच्या वर्गात बसल्या.

झाडं कशाने मेली, असं मुलींनी मला तपासणीच्या दिवशीच विचारलं होतं. शिपायाने चुना मारला, एवढंच मी सांगितलं. त्या दिवसापासून त्या त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. तो सूचनावही घेऊन माझ्या गणिताच्या तासाला आला की सातही जणी माना खाली घालायच्या. मी समोर उभी असायचे. मी ती शाळा सोडेपर्यंत खरं सांगायला मला दोन वर्षं मिळाली आणि मी सांगितलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.